क्लच सुटत नाही म्हणून ट्रॅक्टर उघडण्यापूर्वी

वाचकांचे प्रश्न : छोट्या ट्रॅक्टरची देखभाल

प्रश्न : माझ्याकडे द्राक्षबागेसाठी घेतलेला वीस एचपीच्या आसपासचा छोटा ट्रॅक्टर असून त्याला सात वर्षे झाली आहेत. गेल्या हंगामापासून क्लचचे पेडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना करकर आवाज येतो, आणि पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून धरले तरी ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकत राहतो. फवारणीचा ब्लोअर जोडलेला असताना पीटीओही (अवजारे फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) लगेच थांबत नाही. पेडलची मोकळी चाल (जोर लागण्यापूर्वी पेडल जेवढे रिकामे दबते ते अंतर) फार वाढली म्हणून ती दोनदा कमी करून घेतली. आता टर्नबकलचे (दांड्याची लांबी कमी-जास्त करणाऱ्या जोडाचे) आटे संपत आले आहेत. फिटर सांगतो की क्लच प्लेट गेली, ट्रॅक्टर मधून उघडावा लागेल. गोडी छाटणी झालेली असून फवारणीचे दिवस आहेत. ट्रॅक्टर आठवडाभर उभा ठेवणे परवडणारे नाही. काय करावे? — एक बागायतदार, दिंडोरी तालुका, जि. नाशिक

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून ट्रॅक्टर उघडण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण आपल्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे : पेडलची मोकळी चाल 'फार वाढली' म्हणून ती 'कमी करून घेतली'. क्लच प्लेट झिजते तेव्हा याच्या नेमके उलट घडते. प्लेटची जाडी कमी झाली की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनच्या फिरत्या जड चाकाकडे, सरकते, तिच्या फिंगरची (दाब सोडवणाऱ्या बोटांसारख्या पट्ट्यांची) आतली टोके मागे, म्हणजे पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे येतात, आणि बेअरिंग व फिंगर यांच्यातले अंतर घटते. त्यामुळे झिजलेल्या प्लेटच्या ट्रॅक्टरमध्ये मोकळी चाल महिन्यागणिक कमी होत जाते, ती पुन्हा वाढवून घ्यावी लागते, आणि शेवटी चढावर किंवा रोटाव्हेटर लावल्यावर क्लच घसरू लागतो. इंजिनचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टर ओढत नाही. आपल्याकडे चाल वाढत गेली आहे आणि क्लच घसरत नसून सुटत नाही. पेडलापासून क्लचपर्यंतच्या जोडणीत, ज्याला फिटर मंडळी लिंकेज म्हणतात, कुठेतरी हालचाल वाया जात असल्याचे हे लक्षण आहे. मोकळी चाल कोणत्या दिशेने बदलली, हा प्रश्न प्रत्येक मालकाने फिटरला हात लावू देण्यापूर्वी स्वतःला विचारावा, असे मला कळकळीने वाटते. त्याच्या उत्तरावर अनेकदा हजारो रुपयांचे काम वाचते.

ही जोडणी साधी असते. पेडल एका आडव्या शाफ्टवर बुशमध्ये (झीज सोसणाऱ्या धातूच्या नळीत) फिरते. पेडलाच्या खालच्या टोकाला एक लोखंडी दांडा यू-आकाराच्या क्लॅम्पने आणि पिनने जोडलेला असतो. त्या दांड्याचे दुसरे टोक क्लच हाउसिंगमधून, म्हणजे क्लचच्या बंद कवचातून, बाहेर आलेल्या शाफ्टच्या लिव्हरला तशाच पिनने जोडलेले असते. लिव्हर फिरला की शाफ्ट फिरतो, त्याच्यावरचा आतला फोर्क रिलीज बेअरिंग पुढे ढकलतो, आणि बेअरिंग फिंगर दाबून प्लेट मोकळी करते. ट्रॅक्टर न उघडता यांपैकी जवळजवळ सगळे भाग पाहता येतात. फक्त फोर्क, बेअरिंग आणि फिंगर आत असतात.

तपासणी सुरू करताना इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी, गिअर न्यूट्रल करावा, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. क्लच न सुटणाऱ्या ट्रॅक्टरखाली इंजिन चालू असताना कोणीही वाकू नये. त्यानंतर सर्वांत आधी पेडलाखालची जागा पाहावी. तिथे गोणपाट, जाड रबरी पट्टा किंवा वाळलेल्या चिखलाचा थर असला, तर पेडल शेवटपर्यंत जातच नाही आणि दोष मात्र क्लचवर येतो. ही गोष्ट सांगण्याइतकी मोठी वाटत नाही, पण मी ती पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

मग एकाने सीटवर बसून पेडल पायाने नव्हे, तर हाताने सावकाश दाबावे, आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन खालून पाहावे. पेडल हलू लागल्यापासून दांडा हलू लागेपर्यंत किती अंतर गेले, आणि दांडा हलू लागल्यापासून हाउसिंगवरचा लिव्हर हलू लागेपर्यंत किती गेले, हे वेगवेगळे नोंदवावे. चांगल्या जोडणीत तिन्ही भाग जवळजवळ एकाच क्षणी हलतात. झिजलेल्या जोडणीत प्रत्येक सांध्यावर एक छोटा थांबा दिसतो : आधी पिन भोकात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते, मग पुढचा भाग हलतो. अशी पिन काढून हातात घेतली की शंका उरत नाही. टोकांना तिचा मूळ चकचकीत गोलवा शिल्लक असतो, मधोमध मात्र कंबर पडलेली असते, आणि अंगठ्याचे नख पिनवरून फिरवले की त्या खाचेत ते अडकते. ज्या भोकात ती बसते ते भोकही गोल राहिलेले नसते. ओढ ज्या दिशेने असते त्या दिशेला ते लंबगोल झालेले असते.

एवढ्याशा झिजेने काय होणार, असे अनेकांना वाटते. त्यासाठी साधा हिशेब करून पाहावा. समजा, पेडलाची वरची बाजू फिरण्याच्या केंद्रापासून 300 मिलिमीटर लांब आहे आणि खालची बाजू 60 मिलिमीटर. म्हणजे दांड्याला 1 मिलिमीटर ओढायला पाय 5 मिलिमीटर खाली जावा लागतो. पुढच्या सांध्यात पिन आणि भोक मिळून 2 मिलिमीटर झीज असेल, मागच्या सांध्यातही तेवढीच असेल, तर 4 मिलिमीटर वाया गेले, आणि पेडलावर त्याचे 20 मिलिमीटर होतात. त्यात पेडलाचे बुश झिजून पेडल आडवे डुलत असेल तर आणखी भर पडते. टर्नबकल फिरवून ही वाया गेलेली चाल काही काळ भरून काढता येते, आणि आपल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत दोनदा तेच केले गेले. पण त्यामुळे झीज थांबत नाही. ढिल्या पिनवर प्रत्येक दाबागणिक ठोका बसत राहतो, भोक अधिक लांबत जाते, आणि एक दिवस फिरवायला आटेच उरत नाहीत.

यानंतर एक तपासणी अशी आहे जी फिटर बहुधा विसरतात. हाउसिंगवरचा लिव्हर शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने), खाचांनी किंवा आडव्या बोल्टने पक्का केलेला असतो. ती चावी झिजली असली, तर लिव्हर थोडा फिरतो आणि शाफ्ट मागे राहतो. बाहेरून मात्र सगळे ठीक हलताना दिसते. म्हणून शाफ्टचे टोक आणि लिव्हर दोन्ही कापडाने पुसून त्यांच्यावरून खडूने किंवा पांढऱ्या रंगाने एक सरळ रेघ ओढावी, आणि पेडल दाबायला सांगावे. रेघ अखंड राहिली तर जोड पक्का आहे. ती तुटून दोन रेघा झाल्या तर दोष तिथेच आहे.

पिना घट्ट आहेत, रेघ तुटत नाही, लिव्हर आणि शाफ्ट पूर्ण फिरतात आणि तरीही क्लच सुटत नाही, असे आढळले तरच दोष आत आहे असे मानावे. आतला फोर्क वाकलेला किंवा त्याचा बोल्ट तुटलेला असू शकतो, बेअरिंग गेलेले असू शकते, फिंगरची टोके झिजलेली किंवा खालीवर झालेली असू शकतात. तेव्हा ट्रॅक्टर उघडण्याला पर्याय नाही. आणि उघडलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग ही सगळी एकाच वेळी पाहून घ्यावीत, कारण मजुरी तीच पडते.

आपल्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण इथेच निष्काळजीपणा होतो. झिजलेल्या पिनेच्या जागी हाताशी असलेला नटबोल्ट घालण्याची पद्धत सर्रास दिसते, ती टाळावी. बोल्टचे आटे भोकात आले की प्रत्येक दाबाला ते कानशीसारखे काम करतात, आणि महिनाभरात भोक पूर्वीपेक्षा मोठे होते. कंपनीची पिन मिळत असेल तर तीच घ्यावी. मिळत नसेल तर लेथवर ईएन-8 पोलादाची पिन भोकाच्या मापाने कातून घ्यावी आणि डोक्याच्या विरुद्ध टोकाला स्प्लिट पिनसाठी भोक पाडून घ्यावे. स्प्लिट पिन दर वेळी नवी वापरावी. तिच्या जागी खिळा किंवा बांधणीची तार घालणे म्हणजे भर बागेत पिन गळून पडण्याची वाट पाहणे होय. तसे झाले तर पेडल एकदम पोकळ होते, आणि समोर द्राक्षाचा मांडव असो की माणूस, क्लचने ट्रॅक्टर थांबत नाही.

लंबगोल झालेल्या भोकात नवी पिन घालून काम अर्धेच होते. लिव्हर काढून लेथवाल्याकडे न्यावा, भोक मोठे करून गोल करून घ्यावे आणि त्यात गनमेटलचे बुश ठोकून बसवून घ्यावे. बुश झिजते, लिव्हर वाचतो, आणि पुढच्या वेळी फक्त बुश बदलावे लागते. बुश बसवण्याइतके मांस लिव्हरला नसेल तर भोक वेल्डिंगने भरून पुन्हा मूळ मापाने पाडावे. वेल्डिंग करायचे असल्यास तो भाग ट्रॅक्टरवरून उतरवूनच करावे. डिझेलची टाकी आणि वायरिंग यांच्याजवळ ठिणग्या उडवणे मला कोणत्याही घाईत मान्य नाही. हे सगळे काम लेथवाला जवळ असेल तर साधारण एका दिवसाचे आहे, त्यामुळे दोन फवारण्यांच्या मधल्या दिवशी ते बसू शकेल.

जोडणी परत बसवल्यावर मोकळी चाल नव्याने लावावी लागते, कारण जुनी मापे आता उपयोगाची नाहीत. पेडलाशेजारी फुटपट्टी उभी धरावी, पेडल सुटे असताना त्याच्या कडेची खूण पाहावी, मग हाताने दाबत जाऊन जिथे प्रथम जोर लागतो तिथली खूण पाहावी. अनेक छोट्या ट्रॅक्टरना हे अंतर 20 ते 30 मिलिमीटर लागते, तरी आपल्या ट्रॅक्टरसोबत आलेल्या पुस्तिकेतला आकडाच अंतिम मानावा. चेकनट (टर्नबकल जागेवर आवळून धरणारे नट) सैल करून टर्नबकल फिरवावे. त्याच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे तिथला चेकनट नेहमीच्या दिशेने फिरवायला गेल्यास तो सुटण्याऐवजी आवळला जातो आणि मग लोक पान्याला पाइप लावून आटे मारतात. माप जमल्यावर दांडा धरून ठेवून दोन्ही चेकनट आवळावेत. प्रत्येक टोकाला निदान दांड्याच्या जाडीइतके आटे आत गुंतलेले असले पाहिजेत. दांडा 10 मिलिमीटरचा असेल तर 10 मिलिमीटर. तेवढे उरत नसतील तर कुठेतरी झीज राहून गेली आहे असे समजून पुन्हा शोध घ्यावा. फार कमी चाल ठेवण्याचा मोहही टाळावा. चाल शून्य झाली की बेअरिंग सतत फिंगरला घासत फिरते आणि थोड्याच दिवसांत जळते.

चाचणी मोकळ्या जागेत, पीटीओचा शाफ्ट सोडवून घ्यावी. इंजिन कमी वेगावर ठेवून पेडल पूर्ण दाबावे, चार-पाच सेकंद थांबावे आणि रिव्हर्स गिअर टाकावा. आवाज न होता गिअर पडला आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही, तर क्लच सुटतो आहे. मग पेडल दाबलेले असताना पीटीओ थांबतो का, तेही पाहावे. आपल्या ट्रॅक्टरला दुहेरी क्लच असेल तर पहिल्या अर्ध्या दाबाला फक्त चाकांची ओढ सुटते आणि पीटीओसाठी पेडल पूर्ण तळापर्यंत जावे लागते. म्हणूनच जोडणीतल्या थोड्याशा झिजेचा परिणाम आधी पीटीओवर दिसतो. ब्लोअरचा शाफ्ट फिरत असताना त्याच्याजवळ जाणे जिवावर बेतू शकते. ही दुरुस्ती होईपर्यंत ब्लोअर हाताळताना इंजिन बंद करण्याची सवय ठेवावी, ही माझी आपल्याला विनंती आहे.

द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरच्या पिना इतरांपेक्षा लवकर का जातात, याचेही कारण समोरच आहे. फवाऱ्याचे तुषार थेट जोडणीवर बसतात, आणि बोर्डो मिश्रणातले मोरचूद लोखंड खाते. ओळीच्या प्रत्येक टोकाला वळताना क्लच दाबावा लागतो, त्यामुळे दाबांची संख्याही नांगरटीच्या ट्रॅक्टरपेक्षा पुष्कळ जास्त असते. फवारणी झाल्यावर टाकी धुताना पेडलाखालचा भागही साध्या पाण्याने धुवावा आणि वाळल्यावर सांध्यांवर तेलाचे चार थेंब सोडावेत. उघड्या सांध्यांवर ग्रीस थापणे मला पसंत नाही. त्यावर धूळ बसून तेच पिनेला घासते. ग्रीस पेडलाच्या शाफ्टला द्यावे, जिथे त्यासाठी निप्पल असते.

प्रश्न : जुलैत भाताची चिखलणी आटोपल्यावर आमचा छोटा ट्रॅक्टर पडवीत उभा होता, तो थेट दिवाळीनंतर काढला. इंजिन चालू होते, पण क्लच दाबूनही गिअर पडत नाही. पेडलावर दोन्ही पायांनी जोर दिला तेव्हा 'कट्' असा आवाज झाला आणि आता पेडल एका बाजूला कललेले दिसते. — एक शेतकरी, कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपल्याकडे दोन दोष एकावर एक आले आहेत. मूळ दोष जोडणीत नव्हता. चिखलणीत हाउसिंगमध्ये ओल शिरली आणि चार महिने उभे राहिल्यावर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली. अशा वेळी पेडल, दांडा, लिव्हर सगळे व्यवस्थित हलतात, पण प्लेट सुटत नाही. दुसरा दोष पायांच्या जोराने झाला : पेडलाचा दांडा पिळला असावा किंवा त्याच्या वेल्डिंगला चीर गेली असावी.

आधी पेडल उतरवून पाहावे. वेल्डिंगची जागा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावी, तिच्यावर डिझेलचे बोट फिरवावे, थोड्या वेळाने कोरड्या कापडाने पूर्ण पुसावी आणि वरून खडू घासावा. चीर असेल तर आत शिरलेले डिझेल वर येते आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळसर रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर चीर खणून वेल्ड करून घ्यावी. नुसता वरून थर चढवलेला टिकत नाही. चीर नसेल आणि पिळ थोडासाच असेल तर तो व्हाइसमध्ये धरून सरळ करता येतो. पिनाही पाहाव्यात, कारण तोच जोर त्यांच्यावरही आला आहे.

पेडल नीट झाल्यावर चिकटलेली प्लेट सोडवण्यासाठी इंजिन न्यूट्रलमध्ये अर्धा तास चालवून चांगले तापू द्यावे, मग ते बंद करून पेडल पूर्ण दाबून लाकडाच्या टेक्याने रात्रभर तसेच अडकवून ठेवावे. पुष्कळदा एवढ्याने प्लेट सुटते. नाही सुटली तर अनुभवी चालकाने, आणि फक्त मोकळ्या सपाट शेतात, हलक्या गिअरमध्ये पेडल दाबलेले ठेवून ट्रॅक्टर चालू करावा आणि ब्रेकचे छोटे छोटे झटके द्यावेत. हे करताना समोर बांध, विहीर किंवा माणूस असता कामा नये, कारण प्लेट सुटेपर्यंत क्लच दाबून ट्रॅक्टर थांबणार नाही. थांबवण्यासाठी इंजिनच बंद करावे लागेल. तरीही न सुटल्यास ट्रॅक्टर उघडावा. पुढच्या वर्षी मात्र चिखलणी संपताच हाउसिंगच्या तळाचे छोटे भोक पाहावे. अनेक ट्रॅक्टरना तिथे एक सैल स्प्लिट पिन लोंबत असते; हलत राहून चिखल झाडावा आणि पाणी बाहेर पडावे, हेच तिचे काम. ती हरवली म्हणून तिथे बूच मारू नये. आणि ट्रॅक्टर उभा करताना पेडल टेक्याने दाबून ठेवावे, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलपासून सुटी राहते.

प्रश्न : डाळिंबाच्या बागेत मी स्वतः ट्रॅक्टर चालवते. अलीकडे क्लचचे पेडल फार जड झाले असून सोडल्यावर पूर्ण वर येत नाही. एका ओळखीच्यांनी सायकलच्या ट्यूबचा रबर बांधून दिला आहे, त्याने पेडल वर येते. हे चालेल का? — एक बागायतदार भगिनी, सांगोला तालुका, जि. सोलापूर

उत्तर : ताई, तो रबर आजच काढावा. रिटर्न स्प्रिंग तुटलेली किंवा ताणून सैल झालेली असेल तर तिची किंमत फारशी नसते, ती नवी घालावी. पण पेडल जडही झाले आहे असे आपण लिहिता, त्यावरून मुख्य दोष पेडलाच्या शाफ्टमध्ये दिसतो. तिथले ग्रीस सुकून धुळीशी घट्ट झाले की पेडल बुशमध्ये अडकून फिरते, जाताना जोर मागते आणि येताना रेंगाळते. रबराने पेडल ओढून वर आलेले दिसते, परंतु उन्हाने रबर सैल पडला की शेवटचा अर्धा इंच राहून जातो, आणि तेवढ्याने रिलीज बेअरिंग दिवसभर फिंगरला टेकून फिरत राहते.

आधी निप्पल पुसून ग्रीस गन लावावी. बाजूंनी काळे, घट्ट ग्रीस बाहेर येऊन मागून ताजे दिसेपर्यंत दाबावे. गन दाबूनही काही आत जात नसेल तर निप्पल बुजलेले आहे. ते पान्याने काढून डिझेलमध्ये धुवावे किंवा बदलावे, स्वस्त वस्तू आहे. एवढ्यानेही पेडल हलके झाले नाही तर मागच्या लिव्हरची पिन काढून दांडा सोडवावा आणि पेडल हाताने हलवून पाहावे. दांडा सुटल्यावर पेडल हलके झाले तर जडपणा मागे, हाउसिंगच्या शाफ्टच्या बुशमध्ये किंवा आत आहे. तसेच जड राहिले तर शाफ्टवरून पेडल उतरवून बुश आणि शाफ्ट दोन्ही पॉलिश पेपरने साफ करावेत, आणि बुश झिजले असेल तर नवे ठोकून घ्यावे. ते परत बसवताना निप्पलचे भोक आणि बुशचे भोक एकाच रेषेत आले आहेत, हे बघून घ्यावे. ते चुकले तर ग्रीस आत पोहोचत नाही आणि वर्षभरात पेडल पुन्हा असेच जड होते.